शांताबाईंच्या हातात आधी करारपत्र द्या

प्रति,
मराठीत चरित्रपट काढणारे निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथा लिहिणारी मंडळी यांस,
स. न. वि. वि.

मी सेटवर केस करते. सत्तावीस वर्षं झाली. शेवटी ‘केशभूषा’ या शब्दापुढे जी चार नावं भर्रकन वर सरकून जातात, त्यातलं एक माझं. घोडबंदरच्या बंगल्यांत, वाईच्या वाड्यांत, मढच्या खाऱ्या वाऱ्यात मी अंबाडे घातलेत. सासवांचे, सुनांचे, राण्यांचे, आणि अलीकडे तुमच्या चरित्रपटांतल्या थोर बायकांचे. हे पत्र लिहायचा अधिकार मला आहे की नाही ते तुम्ही ठरवा, मी आपली लिहून मोकळी होते.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला फोन आला. प्रॉडक्शनचा मुलगा होता. ‘ताई, थर्टीजचा लूक आहे. गंगावन आहे ना तुमच्याकडे?’ म्हटलं, दोन आहेत, खऱ्या केसांची. कुणाचा लूक? तर म्हणाला, फायनल नाही अजून, जुन्या नट्यांपैकी कुणावर तरी करायचंय, तीन नावं चाललीत. त्यात शांता आपटे. मी ‘कोण, ‘कुंकू’ सिनेमातल्या?’ असं विचारेपर्यंत तोच म्हणाला, ‘हो, ती चाबूकवाली. सरांना तो सीन जाम आवडलाय. तिथूनच ओपन करायचंय.’ सकाळच्या सहाच्या कॉलसाठी मी पिना आणि आकडे मोजून डब्यांत भरत होते. ते काम तसंच राहिलं.

तर आधी तो चाबूक उरकून टाकू. ‘फिल्मइंडिया’ हे त्या काळचं गाजलेलं इंग्रजी सिनेमासिक आणि बाबूराव पटेल त्याचे संपादक. त्यांची लेखणी नट्यांच्या बाबतीत सैल सुटायची. शांताबाईंबद्दल काही वावगं छापलं म्हणून त्या तडक त्यांच्या कचेरीत गेल्या आणि त्यांना बडवलं, अशी ती गोष्ट. मी ती निदान दहा जणांकडून ऐकलीय. कुणाच्या गोष्टीत चाबूक असतो, कुणाच्या छडी, आमच्या एका मेकअपदादांच्या गोष्टीत कोल्हापुरी वहाण. सगळे सांगतात मात्र एकाच सुरात, ‘काय बाई होती!’ आणि त्याच्यापुढे त्या बाईबद्दल विचारलं की सगळे गप्प. मला त्या गोष्टीचं वावडं नाही, खुशाल घाला सिनेमात. पण सुरुवातच तिथून केलीत तर पुढचे दोन तास तुम्हाला तापट बाईचा सिनेमा करावा लागेल. मग तिच्या तापटपणाचं कारण हवं म्हणून तुम्ही एक प्रेमभंग शोधाल. नाही सापडला तर लिहाल. मी तुमच्याबरोबर काम केलंय, मला ठाऊक आहे.

त्यापेक्षा फाटकापासून सुरू करा.

जुलै १९३९. पुण्यातला प्रभात स्टुडिओ. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, लॉ कॉलेज रस्त्यावर. तुमच्यातले निम्मे जण त्याच आवारात शिकलात. आंब्याखाली बसलात, शांताराम तळ्यावर रात्री जागवल्यात. याच प्रभातच्या दाराशी शांता आपटे उपोषणाला बसल्या. कंपनीची सगळ्यात मोठी गायिका-नटी, जिचं नाव बघून लोक तिकिटं काढत होते, ती त्याच कंपनीच्या दाराशी अन्न सोडून बसली. वाद कराराचा होता. लक्षात घ्या, मार्च महिन्यातच गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं. उपोषणाचा अर्थ काय, ते कुणासमोर करायचं असतं, हे तेव्हा शाळकरी पोरालाही कळत होतं. हे हत्यार संस्थानिकांपुढे, इंग्रजांपुढे उपसायचं. या बाईनं ते स्वतःच्या मालकापुढे उपसलं.

प्रभातचं बोधचिन्ह आठवतंय? तुतारी फुंकणारी बाई. मी सिनेमा केला असता तर पहिला शॉट तोच लावला असता. आत तुतारीवाली, बाहेर ही. पण मी केस करते, शॉट लावत नाही.

उपोषण फार दिवस चाललं नाही. बाईंनी प्रभात सोडली. कोण बरोबर, कोण चूक, यावर तुम्ही हव्या तितक्या बाजू लिहा. शांतारामबापूंना, म्हणजे प्रभातचे एक मालक आणि ‘कुंकू’चे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांना, खलनायक करा असं मी म्हणतच नाही, उलट तसं केलंत तर मला वाईट वाटेल. ती मांडणी सोपी होते, आणि खोटीही. प्रभातमध्ये मालकही पहाटे सेटवर हजर असायचे, पाट्या उचलायचे. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही माणसं हातानं काम करून वर आलेली. १९२९ साली कोल्हापुरात कंपनी काढली, १९३३ला पुण्यात आणली, आणि पगार वेळेवर, शिस्त कडक, असा कारखाना उभा केला. पण तो कारखानाच होता. नटी पगारी. करार असेपर्यंत कंपनी सांगेल ते काम करायचं, बाहेर परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि कंपनीनं काम दिलं नाही तर नुसतं बसायचं. गळा तुमचा आणि कुलूप त्यांचं. दुर्गाबाई खोटे ह्या बंधनातून आपल्या रीतीनं बाहेर पडल्या, आज या कंपनीत तर उद्या त्या, असं मोकळं काम करू लागल्या. त्यांच्या मागे मोठं घराणं होतं, इंग्रजी शिक्षण होतं. शांताबाईंच्या मागे एक भाऊ होता आणि गाणं.

आता जरा मागे जाऊ, कारण दुधनीबद्दल लिहायची मला फार हौस आहे. दुधनी म्हणजे सोलापूरच्या खाली, अक्कलकोट तालुक्यात, गुलबर्ग्याकडे जाणाऱ्या रेल्वेलाईनवरचं गाव. माझं आजोळ सोलापूरचं. आमच्याकडे दुधनीचं नाव निघालं की माणसं आपोआप अर्धी कन्नड बोलायला लागतात. शांताबाई तिथल्या. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर, गाण्याचे शौकीन. पोरीला पंढरपुरात गाणं शिकायला घातलं. १९३२ साली भालजी पेंढारकरांनी ‘श्यामसुंदर’मध्ये तिला राधा केली, कृष्ण शाहू मोडक. मुंबईत तो सिनेमा पंचवीस आठवड्यांच्या पुढे गेला. बोलपट येऊन एकच वर्ष झालं होतं! पडद्यावरची बाई तोंड उघडते आणि तिचाच आवाज बाहेर येतो, एवढ्यावरच लोक खूश होते, आणि इथे तर आवाजही असा.

प्रभातमध्ये ‘अमृतमंथन’ १९३४चा. पुण्यातलं अप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात थिएटर याच सिनेमानं सुरू झालं. त्यात त्या नायिकाही नाहीत, नायकाची बहीण आहेत. तरी लोक गाणी त्यांचीच गुणगुणत बाहेर पडले. संगीत केशवराव भोळ्यांचं. आधीच्या नट्या गाताना कशा उभ्या राहायच्या ते जुन्या फिती बघितल्यात तर कळेल. नाटकातल्यासारखं पुढे यायचं, हात जोडल्यासारखे धरायचे आणि गाणं ‘म्हणायचं’. शांताबाई गाताना हलतात. मान वळते, डोळे कुणाकडे तरी बघतात, हात काही तरी करत असतो. गाणं सुरू झालं म्हणून पात्र थांबत नाही. मी केस करते म्हणून हे मला पहिल्यांदा दिसलं. गाताना ज्यांची मान ताठ असते त्यांचा अंबाडा दिवसभर टिकतो. शांताबाईंचे केस करणाऱ्या बाईला दर टेकनंतर धावावं लागलं असणार.

‘अमरज्योती’ १९३६, त्यात दुर्गाबाई समुद्रावरची बंडखोर राणी. ‘गोपालकृष्ण’ १९३८, तिथे पुन्हा राधा, आणि कृष्ण म्हणजे पोरसवदा राम मराठे. ही सगळी चांगली कामं, पण तुमच्या सिनेमात प्रत्येकाला एकेक मिनिट द्या आणि पुढे चला. थांबायचं ते ‘कुंकू’पाशी.

‘कुंकू’ १९३७चा. कथा ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरची. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’. मामानं पैसे घेऊन नीरा नावाच्या पोरीचं लग्न काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या वकिलाशी लावून दिलंय. जरठकुमारी विवाह, आपल्याकडचं जुनंच दुखणं. देवलांची शारदा १८९९ची, तिच्यावर उभ्या महाराष्ट्रानं अश्रू ढाळले. नीरा रडत बसत नाही. ती त्या घरात राहते, पण नवऱ्याची बायको व्हायला नकार देते. दाराला कडी. आणि सावत्र मुलगा लगट करायला येतो तेव्हा त्याला झोडपून काढते. आता तुमच्या चाबकाच्या गोष्टीला एवढा बहर का आला ते कळलं? लोकांनी पडद्यावरची नीरा आणि कचेरीतल्या शांताबाई एकातच ओतल्या.

या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. जे वाजतं ते घरातलं, रस्त्यावरचं, खरं. भिंतीवर लंबकाचं घड्याळ आहे आणि ते काकासाहेबांसारखंच थकलेलं आहे. केशवराव दात्यांनी तो म्हातारा असा केलाय की मधूनच आपल्याला त्याची कीव येते. स्वतःची लाज वाटते, आणि तरीही कीव येते. त्याच घरात नीरा इंग्रजी कविता गाते. लाँगफेलो नावाच्या अमेरिकन कवीची, शौर्यानं जगा असं सांगणारी. १९३७ सालच्या पुण्यातल्या वाड्यातली बाई इंग्रजीत गाणं म्हणते आणि थिएटरात कुणी हसत नाही! आजच्या मालिकेत असं लिहिलं तर चॅनलकडून निरोप येईल, ‘रिलेटेबल नाही.’

माझ्या आजीनं ‘कुंकू’ सोलापुरात पाहिला, जावेबरोबर, दुपारच्या खेळाला. तिला बिजवरालाच दिलेली होती. आजोबा काही काकासाहेबांएवढे म्हातारे नव्हते, पण अंतर बावीस वर्षांचं. घरातल्या घड्याळाला रोज रात्री चावी द्यायचं काम आजीचं. आजी सांगायची, ‘आपट्यांच्या शांतेला बघून घरी आले आणि त्या रात्री चावी दिलीच नाही. सकाळी ह्यांची कोर्टाची वेळ चुकली.’ एवढंच तिचं बंड. आईला संशय आहे की आजीनं ही गोष्ट पुढे केव्हातरी रचली. असेल. पण रचायला तिला दुसरा कुठला सिनेमा सापडला नाही.

पटकथाकारांनी इथे पेन उचलावं. १९३७ साली प्रभातनं शांता आपटेकडून ‘नाही’ म्हणवून घेतलं. तीच मुद्रा, तीच करडी नजर पोस्टरवर छापली आणि विकली. दोन वर्षांनी तीच बाई तीच मुद्रा घेऊन कंपनीच्या दाराशी येऊन बसली. पडद्यावर विकलं जात होतं तोपर्यंत ते ‘नाही’ फार छान होतं.

मी उपोषणाची ही गोष्ट सेटवर कुणाला सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला: पब्लिसिटी होती का? हा प्रश्न विचारणाऱ्यांत नट असतात, दिग्दर्शक असतात. स्पॉटदादा कधी विचारत नाही.

आता माझी एक गोष्ट सांगते. नावं घेणार नाही. बरीच वर्षं झाली. एक मालिका होती, निर्मात्यानं आमचे चार महिन्यांचे पैसे थकवले होते. आमच्या धंद्यात नव्वद दिवसांनी चेक ही रीतच आहे. आज बांधलेल्या अंबाड्याचे पैसे पुढच्या हंगामात. त्यामुळे चौथा महिना लागेपर्यंत कुणाला काही वाटतही नाही. मेकअप, हेअर, ड्रेस, लाइट, सगळे आपसांत कुजबुजत होतो आणि कॉल टाइमला हजर होत होतो. मालिकेत एक मुलगी होती, धाकट्या जावेचं काम करणारी. तेवीस-चोवीस वर्षांची. एके दिवशी लग्नाचा सीन होता, चाळीस ज्युनियर आर्टिस्ट, मांडव, सगळं तयार. मी तिचं गंगावन लावून, वेणी घालून, गजरा माळला. ती उठली, बाहेर गेली आणि जनरेटर व्हॅनच्या पायरीवर जाऊन बसली. शालू, मुंडावळ्या, सगळ्यासकट. म्हणाली, ‘चेक आल्याशिवाय येणार नाही. माझा एकटीचा नाही. सगळ्यांचा.’

प्रॉडक्शन मॅनेजर आला, दिग्दर्शक आला, मग मोठ्या गाडीतून कुणीतरी आलं. समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. ती पाणी पीत बसून राहिली. दुपारचं जेवण आलं, तिनं ताट घेतलं नाही. आम्ही सगळ्यांनी घेतलं. मीही घेतलं, हे लिहून ठेवते. संध्याकाळी साडेसहाला निम्म्या पैशांचे चेक आले, मग तिनं सीन दिला. एका टेकमध्ये.

पंधरा दिवसांत धाकट्या जावेला मालिकेत अपघात झाला. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं गेलं, हे गंगावन नव्या मुलीला लावा, तिचे केस आखूड आहेत. मी लावलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मला शांताबाईंच्या उपोषणाबद्दल कळलं, आणि मग मी त्यांच्या मागेच लागले. त्यांनी पुस्तक लिहिलं होतं हे तोवर माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल. १९४० साली, प्रभात सोडल्यावर, ‘जाऊ मी सिनेमात?’ हे त्याचं नाव. प्रश्नचिन्हासकट. सिनेमात यायला निघालेल्या पोरींनी विचारावा तसा प्रश्न, आणि बाई उत्तर देतात. नटीनं लिहिलेलं म्हटल्यावर आपल्याला आठवणी हव्या असतात. अमक्याबरोबर शूटिंग करताना काय गंमत झाली, तमक्यानं कसं छळलं. इथे बाई व्यवहाराचं बोलतात. पैसा कुठून येतो, कोणाच्या खिशात जातो, राबणाऱ्याच्या वाट्याला काय उरतं, आणि माणसाचं शरीर दमतं म्हणजे काय होतं. दमण्याबद्दल लिहिणारी नटी मी दुसरी बघितली नाही. आमच्याकडे दमणं ही बोलायची गोष्टच नाही. डोळ्यांखाली काळं आलं की मेकअपदादा कन्सीलर लावतो, संपलं.

तेव्हा तुमच्या सिनेमात एक सीन असा हवा: रात्र, टेबल, बाई लिहितेय. तुम्ही म्हणाल, लिहिणारी बाई पडद्यावर कंटाळवाणी दिसते. पुरुष लिहिताना तुम्हाला चालतो की. दिवा, टाक, खिडकीतला पाऊस, मागून व्हायोलिन, सगळं देता त्याला.

प्रभात सोडल्यावरचा भाग तुम्ही बहुतेक ‘आणि मग उतरती कळा लागली’ असा उरकाल. म्हणून जरा हिशोब देते. १९४१ साली मद्रासला तमिळ ‘सावित्री’. त्यात सावित्री शांताबाई आणि नारद कोण, तर एम. एस. सुब्बुलक्ष्मी. बाईंनी त्यासाठी तमिळ शिकून घेतली आणि गाणी स्वतः गायल्या, तीही सुब्बुलक्ष्मी समोर असताना! दुधनीच्या हवेतली कन्नड लहानपणीच कानावरून गेली असणार, तिनं थोडी मदत केली असावी, हा आपला माझा सोलापुरी अंदाज. लगेच पुढच्या वर्षी लाहोरला पांचोलींचा ‘जमीनदार’, संगीत गुलाम हैदर यांचं. १९४३ला ‘दुहाई’, सोबत नूरजहाँ. म्हणजे कंपनीच्या दारातून बाहेर पडलेली बाई चार वर्षांत मद्रासपासून लाहोरपर्यंत गाऊन आली. १९४६ला ‘वाल्मिकी’, पुन्हा भालजींकडे, पृथ्वीराज कपूर वाल्मिकी आणि तरुण राज कपूर नारद. त्याच वर्षी ‘सुभद्रा’, त्यात त्यांच्याबरोबर लता मंगेशकर नावाची एक मुलगी गायली. हा क्षण मात्र नीट रंगवा. पार्श्वगायनाचे दिवस आले होते. नटीला गळा असण्याची गरज संपत चालली होती. नटी वेगळी, आवाज वेगळा, आणि दोघींचे करार वेगळे. शांताबाईंसारख्या बाईला, जी एकाच वेळी दोन्ही होती, धंद्यात जागा आपोआप कमी झाली. त्यात कुणी खलनायक नाही. मशीन बदललं.

नंतर कामं आली ती तुरळक, पौराणिक, छोटी. १९४९च्या एका हिंदी सिनेमाचं नाव ‘मैं अबला नहीं हूँ’. निर्मात्यांना तोपर्यंत बाईंचा तेवढाच उपयोग कळत होता असं दिसतं. लेक नयना आपटे, रंगभूमीवर आणि पडद्यावर तुमच्या आमच्या परिचयाच्या.

२४ फेब्रुवारी १९६४ला शांताबाई मुंबईत वारल्या. पन्नाशीही गाठली नव्हती. त्याच फेब्रुवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. हा योगायोग मला कळला तेव्हा मी आमच्या लाइटवाल्या मुलाला सांगितला, तो म्हणाला, ‘म्हणजे बाई गेल्या आणि डबे आले.’ पुढे जानेवारी २००३मध्ये प्रभातच्याच जुन्या आवारातल्या गोदामात नायट्रेट फिल्मला आग लागली आणि जुन्या फितींचे डबेच्या डबे जळाले. नायट्रेट एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही, धूर विषारी. पण ‘कुंकू’ आहे. बघता येतो. मीटिंगला जायच्या आधी तेवढा बघा, पूर्ण, फॉरवर्ड न करता.

आता माझ्या कामाचं. जुन्या काळची बाई म्हटली की तुमच्याकडून निरोप येतो: अंबाडा, मोगरा, कपाळावर एक बट. ती बट कशासाठी असते हे मला सत्तावीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. एकदा एका थोर समाजसुधारक बाईंच्या केसांत मी मोगरा माळला. त्या विधवा होत्या, सीन १८८०चा. मी म्हटलं, सर, हे चुकतंय. ते म्हणाले, फ्रेममध्ये पांढरं हवंय. शांताबाईंच्या बाबतीत असं करू नका. फोटो आहेत, सिनेमे आहेत, बघून केस करता येतील. उपोषणाच्या सीनला तर मला काहीच करायला लावू नका. दिवस जातो, घाम येतो, तेल ओघळतं, केस कपाळाला चिकटतात, आणि माणूस पाण्यावर बसलेला असला की चेहरा आपोआप उतरतो. नटीला खरोखर बाहेर बसवा. कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे ठेवा. आतून शूटिंगला जाणारी माणसं तिच्या बाजूनं जातील. कुणी नमस्कार करेल, कुणी मान खाली घालेल, कुणी थांबून पुन्हा चालू लागेल. त्या जाणाऱ्यांत एक केस करणारी बाई ठेवा, हातात पिनांचा डबा. ती थांबते की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर ती थांबत नाही.

गाणी मूळ वापरता आली तर वापरा. नाही जमलं तर जिला गाता येतं अशीच मुलगी घ्या. डबिंगमध्ये दुसरीचा आवाज चढवलात तर शांताबाईंच्या बाबतीत तो विनोद होईल.

आणि चाबूक हवाच असेल तर तिसऱ्या अंकात, अर्धं मिनिट, लांबून. आवाज नाही दिला तरी चालेल.

प्रॉडक्शनच्या त्या मुलाला मी अजून उत्तर दिलेलं नाही, ते इथेच देते. दोन्ही गंगावनं माझ्याकडे आहेत, धुऊन, विंचरून, मलमलीत गुंडाळून ठेवलीत. त्यातलं एक तेच, त्या धाकट्या जावेचं. ते मी शांताबाईंसाठी लावीन, दुसरं नाही. कॉल टाइम कळवा. करारपत्र आधी पाठवा, त्यात चेकची तारीख छापील असू द्या, आणि ती नव्वद दिवसांनंतरची नको.

कळावे,
आपली,
सेटवरची एक हेअरड्रेसर